यार्डवाल्याचा रिपोर्ट हातात आहे, मग वेगळी तपासणी कशाला?

प्रश्न: साताऱ्याजवळ राहतो, पहिलीच गाडी घेतोय. पुण्यात जुन्या गाड्या विकणाऱ्या एका यार्डात २०१७ ची डिझायर डिझेल बघून आलो. पासिंग एमएच-१०, मीटरवर ५८,००० किलोमीटर, मागणी ५ लाख २५ हजार. यार्डवाल्यांनी '१८० पॉइंट तपासणी'चा छापील रिपोर्ट दिलाय, सगळीकडं हिरव्या खुणा आहेत. बाहेरच्या मेकॅनिकला दाखवतो म्हटलं तर म्हणाले, आधी २०,००० विसार ठेवा, मग हवं त्याला दाखवा. माझे चुलते वीस वर्षं ट्रक चालवतात, ते बरोबर येणार आहेत. तरीही पैसे घालून वेगळी तपासणी करावी का? केली तर कुणाकडून, आणि त्यानं नेमकं काय बघायचं?

उत्तर: करा. आणि विसार देण्याआधी करा. २०,००० रुपये अडकले की माणूस गाडीतले दोष शोधायचं सोडून पोटात घालायला लागतो. 'जुन्या गाडीत एवढं चालायचंच' हे वाक्य विसार दिल्यावरच तोंडात येतं.

तो रिपोर्ट खोटा आहे असं नाही. त्यातली एकेक ओळ खरी असू शकते. चार दारांची हँडल, चार लॉक, चार काचा: बारा पॉइंट इथंच झाले. मग वायपर, हॉर्न, आरसे, म्युझिक सिस्टीम. हे सगळं चालू असतं आणि खाली चासीचा पुढचा दांडा घडी पडून सरळ केलेला असतो. गाडीची किंमत पाच-सहा गोष्टींवर ठरते आणि नेमक्या त्याच या गर्दीत हरवतात. रिपोर्टमध्ये तीनच गोष्टी शोधा: गाडी रॅम्पवर उचलून बघितल्याची नोंद, पेंटची जाडी आकड्यात, आणि स्कॅनरचा (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडून दोष वाचणाऱ्या यंत्राचा) प्रिंट. तिन्ही नसतील तर कागद फाईलला लावून ठेवा, त्याचा दुसरा उपयोग नाही. शिवाय तो लिहिणाऱ्याचा पगार गाड्या विकून निघतो. स्वतंत्र तपासणी म्हणजे फार काही मोठं नाही. तपासणाऱ्याचे पैसे तुम्ही दिलेले असावेत आणि तुम्ही गाडी घेतली काय, सोडली काय, त्याला फरक पडू नये.

म्हणून यार्डवाल्यानं सुचवलेला मेकॅनिक नको. ओळखीतला पण जुन्या गाड्यांची दलाली करणारा तर त्याहून नको, कारण तो ही गाडी पाडून स्वतःकडची एखादी तुमच्या गळ्यात मारेल. रॅम्प आहे, स्कॅनर आहे आणि ज्याच्या हाताखालून हे इंजिन गेलंय असा माणूस बघा. तो सापडणं अवघड नाही. डिझायरचं १२४८ सीसी डिझेल मुळात फियाटचं. स्विफ्टमध्ये, टाटाच्या आणि फियाटच्या गाड्यांतही तेच बसायचं. मारुतीनं एप्रिल २०२० मध्ये डिझेल गाड्या बंद केल्या, तरी हे इंजिन उघडलेला फिटर पुण्यात तुम्हाला गल्लोगल्ली भेटेल. यार्डापासून दोन-तीन किलोमीटरच्या आतला निवडा. का, ते पुढं येईल.

जमलं तर त्याच्यासोबत तासाभरासाठी एक डेंटरही, म्हणजे पत्रा ठोकून सरळ करणारा, घ्या. ठोकलेली गाडी ओळखण्यात डेंटर-पेंटरची नजर इंजिनवाल्यापेक्षा तिखट असते. दोघांचे मिळून दोन-तीन हजार धरून चाला, आणि वेळ किमान दीड तास. वीस मिनिटांत 'ओके आहे, घ्या' म्हणणाऱ्याला चहा पाजा, फी देऊ नका. घरी किंवा यार्डात येऊन तपासणाऱ्या कंपन्या आहेत, त्यांच्याकडं पेंटची जाडी मोजायचं गेज नि स्कॅनर असतो. पण रॅम्प नसतो, आणि रॅम्पशिवाय ही तपासणी अर्धीच होते.

चुलत्यांना जरूर न्या, पण गाडी चालवून बघायला. क्लच, गिअर नि स्टिअरिंगबद्दल त्यांचा कान आणि हात उपयोगी पडेल. सीटवर बसून चासी दिसत नाही, एवढं त्यांनाही पटेल.

जाण्याआधी घरबसल्या दोन कामं उरका. पहिलं, सर्व्हिसची हिस्टरी. यार्डवाल्याला मूळ मालकाच्या संमतीनं अधिकृत सर्व्हिस सेंटरमधून ती काढून द्यायला सांगा आणि प्रत्येक तारखेसमोरचं किलोमीटर बघा. वर्षाला १८,००० चालणारी गाडी अचानक वर्षाला ३,००० वर आली, किंवा ४२,००० नंतर कंपनीत गेलीच नाही, तर मीटरवरच्या ५८,००० ला काही आधार राहत नाही. दुसरं, चालू विमा पॉलिसीची प्रत मागा आणि नो क्लेम बोनसचा, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल हप्त्यात मिळणाऱ्या सुटीचा, आकडा वाचा. पहिल्या वर्षानंतर २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि पाच बिनक्लेमच्या वर्षांनी ५० अशी ती शिडी आहे. क्लेम घेतला की सहसा पुन्हा तळाशी. २०१७ च्या गाडीवर ५० ऐवजी २० दिसलं तर एक-दोन वर्षांत क्लेम झालाय, किंवा पॉलिसी ९० दिवसांहून जास्त तुटली होती, किंवा मधे मालक बदललाय. यातलं काय ते सरळ विचारा. निव्वळ थर्ड पार्टी (फक्त समोरच्याच्या नुकसानीची) पॉलिसी असेल तर त्यावर बोनस नसतोच, मग आधीची पॉलिसी मागा. आणि ५० टक्के दिसलं म्हणून निर्धास्त होऊ नका. बोनस वाचवायला लोक बरीच मोठी कामं रोखीनं उरकतात.

आता एमएच-१०. म्हणजे सांगली. गाडी २०१७ ची, म्हणजे ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ हे कृष्णेचे दोन्ही पूर तिच्या हयातीतले. पासिंग सांगलीचं म्हणून गाडी बुडाली असं मुळीच नाही. जत-आटपाडीकडची गाडी असेल तर तिला पुरापेक्षा धुळीनंच जास्त छळलं असेल. पण आरसी बुकावर पत्ता कुठला आहे ते बघा, आणि सर्व्हिस हिस्टरीत त्या दोन पावसाळ्यांनंतरचे दोन-तीन महिने नीट वाचा.

पुराची गाडी धुऊन, वाळवून, अत्तर मारून चकाचक होते. पाणी कनेक्टरमध्ये शिरलेलं असतं, ते तांब्याला हळूहळू खातं. म्हणून घेतल्यावर चार-सहा महिन्यांनी आज एअरबॅगचा दिवा, उद्या पॉवर विंडो, परवा चालत्या गाडीत इंजिन बंद, असा ससेमिरा सुरू होतो आणि कुठल्याच इलेक्ट्रिशियनला दोष एका जागी सापडत नाही. त्यामुळं हे आधीच धरायचं. ड्रायव्हरचा सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा, रिळातला शेवटचा हातभर पट्टा दिसेपर्यंत. रोजच्या वापरात तेवढा भाग कधी बाहेर येत नाही, त्यामुळं धुणाऱ्याचा हातही तिथवर पोचत नाही. मोबाईलचा उजेड तिरका धरा. पट्ट्यावर आडवी मातकट रेघ असेल, किंवा बोट फिरवल्यावर बोटाला पावडरीसारखी बारीक माती लागली, तर पुढची तपासणी करायचीही गरज नाही. पट्टा नवाकोरा दिसला तर बाकीच्या पट्ट्यांशी ताडून बघा. एकच नवा का, हा प्रश्न उरतोच. मग सीट पुढं-मागं सरकवून तिच्या खालच्या, रेल्वेच्या रुळासारख्या लोखंडी पट्ट्यांचे बोल्ट गंजलेत का बघा, आतल्या बोल्टना लालसर गंज एरवी येत नाही. ड्रायव्हरच्या पायाशी कार्पेट कोपऱ्यातून उचलून खालचा फोम दाबा. डिकीतली स्टेपनी काढून खळग्यात हात फिरवा. दोन्हीकडं मातीची खूण शोधा. डॅशबोर्डखालच्या फ्यूज बॉक्समधला एखादा कनेक्टर मेकॅनिकला काढायला लावा. पिनांवर हिरवट बुरशीसारखा थर म्हणजे पाणी तिथवर आलं होतं.

बुडालेली नाही असं दिसलं की ठोकलेली आहे का ते बघायचं. पेंटची जाडी मोजणारं छोटं गेज असतं. कंपनीचा रंग साधारण ८० ते १५० मायक्रॉन भरतो. दोनशेच्या पुढं गेला की दुसरा हात मारलाय. पाचशे-हजार दाखवलं की आत पुट्टी आहे. प्लास्टिकच्या बंपरवर हे गेज चालत नाही, तिथं वेळ घालवू नका. दोन-तीन पॅनल पुन्हा रंगवलेले असले तर घाबरायचं कारण नाही. इतकी वर्षं ट्रॅफिकमध्ये फिरलेली गाडी न खरचटता राहिली तर उलट नवल. दार, फेंडर (पुढच्या चाकावरचा पत्रा), बॉनेट हे बोल्टवर बसतात, बदलता येतात. भीती असते ती वेल्डिंगनं जोडलेल्या भागांची: बॉनेटखालचे दोन्ही बाजूंचे एप्रन (आतले पत्रे), चासीचे पुढचे दांडे, दारांचे पिलर (छत पेलणारे खांब), छत, डिकीचा तळ. गेज दाराच्या चौकटीवर आणि पिलरवर लावायला सांगा. तिथं तीनशे दिसलं तर तो खरचटल्याचा रंग नव्हे.

डेंटर काय बघतो ते तुम्हीही बघू शकता. बॉनेटच्या बिजागरीच्या आणि फेंडरच्या बोल्टचं डोकं. कंपनीत बोल्ट आधी बसतो आणि रंग नंतर चढतो, म्हणून डोक्याचा नि पत्र्याचा रंग सलग असतो. पान्हा लागला की कडा सोलतात. एप्रनच्या कडेला कंपनीच्या वेल्डिंगचे वाटोळे, सारख्या अंतरावरचे खळगे असतात. गॅरेजच्या कामात ते नाहीसे होतात, किंवा त्यांच्या जागी ग्राइंडर फिरवल्याच्या रेघा दिसतात. डावं-उजवं ताडून बघा. दोन्हीकडं सारखं असेल तर बहुतेक कंपनीचं. रेडिएटरची वरची पट्टी बदललेली असणं हा तसा किरकोळ गुन्हा, पण तिच्या मागचा दांडा लगेच बघायला हवा, आणि तो नीट दिसतो गाडी वर उचलल्यावरच.

एक दिवा विसरू नका. चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा लागला पाहिजे आणि काही सेकंदांत विझला पाहिजे. लागलाच नाही तर बहुधा कुणीतरी तो मारून ठेवलाय. २०१७ मध्ये आलेल्या नव्या डिझायरला दोन एअरबॅग सगळ्या मॉडेलमध्ये होत्या. फुटलेल्या एअरबॅगा परत बसवण्याचा खर्च मोठा, म्हणून त्या जागी नुसतं झाकण लावलेली गाडी बाजारात येऊ शकते. म्हणून दिवा, आणि त्यासोबत स्कॅनरमध्ये एअरबॅगचं मॉड्यूल बोलतंय का, दोन्ही बघायचं.

इंजिन थंड हवं. यार्डवाल्याला आदल्या दिवशीच सांगा की आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका. बॉनेटला हात लावून अंदाज येतो, पण पक्कं हवं असेल तर स्टार्ट न करता स्कॅनर लावा: कूलंटचं (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचं) तापमान बाहेरच्या हवेएवढंच असलं पाहिजे. ७० अंश दाखवलं तर कुणीतरी सकाळीच गाडी गरम करून ठेवली आहे. गरम इंजिन जवळजवळ सगळं झाकतं. थंड स्टार्टला इंजिनातली चेन क्षणभर खडखडली तर चालतं, पण खडखड सुरूच राहिली तर टायमिंग चेनचं काम जवळ आलंय. ऑइल वेळेवर न बदललेल्या या इंजिनात हे होतं. मग इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण काढायचं. थोडी वाफ ठीक; झाकण वर ठेवल्यावर ते नाचायला लागलं, भक्भक् धूर आला, तर इंजिन बॅक कॉम्प्रेशन मारतंय, म्हणजे पिस्टनच्या रिंगा झिजल्यात. त्या इंजिनाचं बिल तुमच्या बजेटमध्ये बसत नाही. धूर निळसर म्हणजे ऑइल जळतंय. रेस दिल्यावर पहिला काळा झोत डिझेलमध्ये येतो, तो सतत यायला नको.

जादाचे थोडे पैसे घेऊन मेकॅनिक इंजेक्टरची (इंजिनात डिझेल फवारणाऱ्या भागाची) रिटर्न टेस्ट करतो, ती इथं करून घ्याच. चार इंजेक्टरांच्या परतीच्या नळ्या चार छोट्या बाटल्यांत सोडायच्या आणि इंजिन काही मिनिटं चालू ठेवायचं. चारही बाटल्यांत डिझेल जवळपास सारखं भरलं पाहिजे. एक बाटली बाकीच्यांच्या दुप्पट भरली तर तो इंजेक्टर गेला, आणि एकेका नव्या इंजेक्टरचा खर्च पाच आकडी होऊ शकतो. टर्बोचा पाइप काढून आतला पंखा बोटानं हलवतात: बाजूला किंचित हलला तर चालतं, आत-बाहेर हलायला नको. क्लचसाठी चुलते आहेत. चाळीसच्या वेगात चौथ्या गिअरमध्ये पूर्ण रेस द्यायला सांगा. आरपीएमचा काटा पळाला आणि गाडी जागच्या जागी, तर प्लेट संपली.

स्कॅनरवर एरर नाही, एवढ्यावर समाधान मानू नका. एरर पुसायला अर्धं मिनिट लागतं. मेकॅनिकला 'कोड पुसल्यानंतर किती अंतर चाललं' ते वाचायला सांगा, बहुतेक गाड्यांत ते मिळतं. तिथं ९ किलोमीटर आलं तर परवाच कुणीतरी पाटी कोरी केलीय. मग विचारा, पाटीवर काय होतं?

मीटरबद्दल मात्र स्कॅनरपेक्षा रबर जास्त बोलतं. टायरच्या बगलेवर चार आकडे असतात: ३५२२ म्हणजे २०२२ चा ३५ वा आठवडा. स्टेपनीचा आकडा गाडीच्या जन्माच्या थोडा आधीचा हवा, म्हणजे ती मूळची. खाली लागलेले चार टायर २०१९ मधले असतील तर पहिला संच दोन वर्षांतच संपला असावा, आणि सहसा ४०,००० चालणारा संच दोन वर्षांत संपवणारी गाडी आज ५८,००० वर कशी? क्लच-ब्रेकच्या पेडलचं रबर, स्टिअरिंगची झिजलेली चकाकी, ड्रायव्हरच्या सीटची दाराकडची कड, हे पण मीटरशी जुळलं पाहिजे. पेडलचं रबर नवंकोरं असेल तर जास्त संशय घ्या.

रॅम्पवर बाकीचं पटकन होतं: लोअर आर्मचे बुश, स्टिअरिंग रॅक, ड्राइव्ह शाफ्टचे फाटलेले बूट, चेंबरखाली ऑइल. यातलं जवळपास सगळं दुरुस्त होतं, फक्त प्रत्येकाचा खर्च लिहून घ्या. कारण रिपोर्टचा खरा उपयोग भाव करताना होतो. पूर, वाकलेला दांडा किंवा कापलेला पिलर, आरसी बुकाशी न जुळणारा चासी नंबर, गायब एअरबॅग: यातलं एकही निघालं तर भाव करू नका, निघून या, ५० हजार कमी केले तरी ती गाडी स्वस्त होत नाही. टायर, क्लच, बुश, बॅटरी यांची बेरीज मात्र शांतपणे यार्डवाल्यासमोर ठेवा. खरचटलेल्या रंगाचा विषय काढूच नका, त्यानं तुमचा खरा मुद्दा पातळ होतो.

राहिला विसार. यार्डवाल्याचीही एक बाजू आहे: अनोळखी माणसाच्या हाती गाडी देऊन ती कुठं ठोकली तर जबाबदार कोण? म्हणून गॅरेज जवळचं निवडा म्हटलं. गाडी त्यांच्याच पोरानं चालवत आणावी, तुम्ही बाजूला बसा. यालाही नाही म्हणाले तर अडचण गाडी बाहेर नेण्याची नाही, रॅम्पची आहे. तोडगा म्हणून विसार ठेवावाच लागला तर पाच हजारांच्या वर नको, यूपीआयनं, आणि पावतीवर हे वाक्य त्यांच्या शिक्क्यानिशी: "खरेदीदाराच्या पसंतीच्या मेकॅनिककडून तीन दिवसांत तपासणी होईल. तपासणीनंतर खरेदीदारानं गाडी नाकारल्यास कारण न विचारता पूर्ण रक्कम परत." 'मोठा दोष आढळल्यास' असं लिहून घेऊ नका. मोठा कुठला यावरच मग भांडण होतं.

कागदांचं थोडक्यात. एम-परिवहन ॲपवर गाडीवरचं कर्ज, ब्लॅकलिस्ट नि विम्याची मुदत बघा. ई-चलनं वेगळी तपासा. कर्ज दिसत असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ (आरसीवरची कर्जाची नोंद काढायचा) हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे नाहीत. नाव बदलण्यासाठी फॉर्म २९ आणि ३०, मूळ मालकाच्या सहीचे. गाडी नावावर झाल्यापासून १४ दिवसांत विमा कंपनीकडं अर्ज करा; थर्ड पार्टीचं संरक्षण गाडीसोबत येतं, पण तुमच्या गाडीच्या नुकसानीचं आपोआप येत नाही, आणि आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस तर तुमचा कधीच होत नाही.

तपासणीच्या वेळी पाचही टायरचे आकडे, बॅटरीवरचा सिरीयल नंबर आणि मीटरचं रीडिंग यांचे फोटो काढून ठेवा. डिलिव्हरीच्या दिवशी धुतलेली, पॉलिश मारलेली, हार घातलेली गाडी समोर येईल आणि पेढ्यांचा बॉक्सही असेल. हार बाजूला सारून आधी त्या फोटोंशी एकेक आकडा जुळवा, स्टेपनीचासुद्धा, आणि मगच उरलेले पैसे पाठवा.